पानावरचा पाहुणा

साबणबाईंचं खरं नाव काय, हे आता फक्त हजेरीपटालाच माहीत होतं. बाकी सगळं रुग्णालय, झाडूवाल्यांपासून बड्या सर्जनपर्यंत, त्यांना साबणबाईच म्हणायचं. संसर्ग रोखण्याचं काम त्यांच्याकडे येऊन सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत त्या अक्षरशः हात धुवून सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. हा विनोद पहिल्या वर्षी त्यांनाही आवडला होता. आता कुणी केला की त्या नुसत्या बघायच्या, आणि करणारा काढता पाय घ्यायचा.

तीन आठवड्यांत शल्यकक्षातल्या, म्हणजे सर्जिकल वॉर्डातल्या, चार पेशंटना थंडी वाजून ताप भरला होता. चौघांच्याही मानेतल्या मोठ्या शिरेत औषधासाठी नळी घातलेली होती आणि चौघांच्याही रक्तात जंतू सापडले होते. नळीचं ड्रेसिंग बदलताना, तिच्यातून इंजेक्शन देताना कुणाचे तरी हात स्वच्छ नव्हते, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुणाचे आणि का, तेवढं कळत नव्हतं. मग वरून हुकूम सुटला : सगळ्या एकशे साठ नर्सेसना पुन्हा एकदा शिकवा.

"कधी शिकवू?" साबणबाईंनी मेट्रनना विचारलं. "सकाळच्या पाळीतून दहा-दहा जणींना सोडाल?"

"एकीलाही सोडता येणार नाही."

"मग दुपारी, पाळी बदलताना?"

"तेव्हा तर मुळीच नाही."

"मग काय त्यांच्या स्वप्नात जाऊन शिकवू?"

मेट्रन हसल्या नाहीत. "ऑनलाइन शिकवा," त्या म्हणाल्या. "हल्ली सगळीकडे तसंच चालतं."

रुग्णालयाचे संगणक सांभाळणारा माणूस सदा उत्साहात असायचा, आणि साबणबाईंना सकाळी सकाळी उत्साह सोसत नसे. त्याने त्यांना एक सामायिक पान उघडून दिलं. "यात एकाच वेळी सगळ्यांना लिहिता येतं, मॅडम. एकमेकींचं वाचता येतं, दुरुस्त करता येतं. नाव नोंदवून आत आल्या तर नाव दिसेल. कक्षातल्या संगणकावरून तसंच उघडलं तर नुसतं 'पाहुणा' असं दिसेल."

"आणि कुणी सगळं पुसून टाकलं तर?"

"असं कोण कशाला करेल?"

याचं उत्तर दोन दिवसांनी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मिळालं.

पहिल्या तासाला एक्कावन्न जणी आपापल्या कक्षातूनच ऑनलाइन जोडल्या गेल्या. त्यातल्या वीसेक जणींनी पानावर 'सुप्रभात' लिहिलं. एकीने फुलांचं चित्र चिकटवलं. बाळंतकक्षातून कुणाचा तरी माइक चालू राहिला होता, त्यामुळे साबणबाई हाताच्या अंगठ्याबद्दल बोलत असताना एक आजोबा "एक्स-रे कुठे काढतात?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते आणि त्यांना कुणीच सांगत नव्हतं. शेवटी साबणबाईंनीच वर्ग थांबवून सांगितलं : तळमजला, डावीकडे. त्यानंतर त्यांनी मोठ्या कष्टाने टाइप केलेल्या हात धुण्याच्या सात पायऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकदम नाहीशा झाल्या. पान कोरं करकरीत.

"कोणी केलं हे?"

मग शल्यकक्षाच्या इन्चार्ज बाईंचा आवाज आला. "अगं, मी फक्त हात लावला."

या इन्चार्जना सगळे ताई म्हणायचे. नर्सिंगच्या शाळेत त्या साबणबाईंच्या तीन वर्षं पुढे होत्या. साबणबाईंनी आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन एका संत्र्याला दिलं, तेव्हा मनगट धरून सुई कशी कलवायची ते ताईंनीच दाखवलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत ताईंचा हात कधी थरथरला नव्हता; संगणकाचा माउस मात्र त्या मेलेला उंदीर उचलावा तसा धरायच्या. त्या तासात त्यांनी पान आणखी दोनदा कोरं केलं. संगणकवाल्याने प्रत्येक वेळी जुनं परत आणून दिलं आणि न विचारता सांगितलं की कुठल्या संगणकावरून कुणी काय केलं हे सगळं त्याला दिसतं. साबणबाईंना त्या वेळी त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांचं डोकं ठणकत होतं.

तास संपताना त्यांनी एक प्रश्न दिला : 'नळीचं ड्रेसिंग बदलताना तुम्ही हातांची स्वच्छता कशी राखता, ते सविस्तर लिहा.' चार दिवसांत त्रेचाळीस उत्तरं आली. त्रेचाळीसही सारखी. पहिलीने 'निर्जंतुक' हा शब्द 'निरजंतूक' असा लिहिला होता आणि तो तसाच्या तसा त्रेचाळीस ठिकाणी उतरला होता.

"एकमेकींकडून शिकायचं म्हणे!" घरी आल्या आल्या त्यांनी पर्स टेबलावर आपटली. "पालथ्या घड्यावर पाणी. तेही निरजंतूक."

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. डोळ्याला लावलेलं भिंग न काढता त्यांनी विचारलं, "प्रश्न काय दिला होतास?"

साबणबाईंनी सांगितला.

"मग बरोबर आहे. परीक्षेसारखं विचारलंस, परीक्षेसारखी उत्तरं आली."

"अहो, तुम्ही तरी आता शिकवू नका मला."

"शिकवत नाही. माझं सांगतो. गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ आणतं. 'पडलं होतं का?' असं विचारलं की कुणाचंच घड्याळ कधी पडलेलं नसतं. म्हणून मी विचारतो, 'किती वेळा पडलं?' की लगेच सांगतात. दोनदा. एकदा बादलीत."

नवऱ्याचं म्हणणं पटलं की त्यांना दुप्पट राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी जुना प्रश्न काढून टाकला आणि नवा लिहिला : 'या आठवड्यात हात स्वच्छ न करता किती वेळा पुढे जावं लागलं? कशामुळे? नाव लिहायची गरज नाही.'

एक दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला त्या आपल्या खोलीत चहा घेत बसल्या होत्या. खोली कसली, जुनी औषधं ठेवायची कोठडीच ती. समोरच्या पानावर एक 'पाहुणा' टाइप करायला लागला. अक्षरं एकेक करून उमटत होती, मध्येच थांबत होती, जणू लिहिणारी व्यक्ती प्रत्येक अक्षर कीबोर्डवर शोधून काढत होती.

'हँडरबच्या बाटल्यांत पाणी घालते. पाच आठवडे झाले. आठवड्याला चार मिळतात, त्या तीन दिवसांत संपतात. मागितल्या तर स्टोअर म्हणतं कोटा संपला. तीस खाटा आहेत. मुलींना सांगितलं नाही, मीच घालते. रागावू नकोस.'

साबणबाईंचा चहा तसाच राहिला. हँडरब म्हणजे मद्यार्क. त्यात पाणी घातलं की उरतं ते नुसतं वासाचं पाणी. ते हातांवर चोळून नर्सेस विश्वासाने नळीला हात लावत होत्या. पाच आठवडे. आणि 'रागावू नकोस'! या सबंध इमारतीत साबणबाईंना 'तू' म्हणणारं माणूस एकच होतं.

त्या उठल्या त्या थेट स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर टेबलावर डबा उघडून जेवत होता.

"तीस बाटल्या हँडरब. आत्ता."

"मागणीपत्र?"

"नंतर देते."

"कोटा गेल्या वर्षीच्या वापरावर ठरतो, मॅडम. गेल्या वर्षी शल्यकक्षाने आठवड्याला चारच वापरल्या."

"गेल्या वर्षी त्या हात धूत नव्हत्या हो! मी सात वर्षं घसा फोडून त्यांना हात धुवायला लावलं, आता धुतात म्हणून संपतंय. आणि तुम्ही त्यांना न धुण्याच्या हिशेबाने देताय?"

त्याने घास तोंडात तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि कपाटाची किल्ली काढून दिली.

शल्यकक्षात त्यांनी प्रत्येक खाटेजवळची बाटली उचलली, हुंगली, मोरीत ओतली आणि सीलबंद बाटली तिच्या जागी ठेवली. ताई त्या दिवशी लवकर घरी गेल्या होत्या.

परत येऊन पाहतात तो पानावर झुंबड उडालेली. जणू कुणीतरी बांध फोडला होता. सगळे 'पाहुणे'च. 'आमच्याकडेही पाणी.' 'बारा पेशंटना मी एकटी, हातमोजे न बदलता त्यावरच हँडरब चोळते.' 'आमच्या बेसिनचा नळ महिनाभर बंद आहे, तीनदा लेखी दिलंय.' सात वर्षांत त्यांनी जे कधी ऐकलं नव्हतं ते एका तासात समोर आलं. आणि त्यांच्या मधोमध एक ओळ : 'साबणबाई मंगळवारी पाहणीला येतात. मंगळवारी सकाळी खऱ्या बाटल्या बाहेर काढतो. त्या गेल्या की परत कपाटात.'

ही ओळ त्यांनी तीन वेळा वाचली. अधीक्षकांच्या खोलीबाहेर त्यांचा एक तक्ता लावलेला होता : हातांची स्वच्छता, शहाण्णव टक्के. तो त्यांनी स्वतः रंगीत पेनांनी काढला होता. आता वाटलं, जाऊन फाडून टाकावा. पण तेवढ्यात मेट्रनचं बोलावणं आलं.

मेट्रनच्या टेबलावर त्या पानाची छापील प्रत होती. बाजूला संगणकवाला उभा होता, आणि प्रथमच त्याचा उत्साह मावळलेला दिसत होता.

"हा पाणीवाला पाहुणा कोण?" मेट्रननी विचारलं.

"मी नाव न लिहिण्याची सवलत दिली होती."

"ती द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? यांना संगणक कळतो. उद्या बारापर्यंत मला नाव हवं. आणि ते पान आजच बंद करा."

"पान बंद केलंत तर परवापासून पुन्हा त्रेचाळीस जणी निरजंतूक लिहितील, मॅडम. ताप मात्र खराच येत राहील."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, सिस्टर. तुम्ही ती चारचौघांत उघडलीत."

"मूठ धुतलेली असती तर झाकायची वेळच आली नसती."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मेट्रननी फक्त दाराकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शल्यकक्षात पाऊल टाकतात न टाकतात तोच ताईंनी त्यांचा दंड धरून चादरींच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तुला लिहिलं होतं मी! तुला एकटीला! आणि तू ते चव्हाट्यावर मांडलंस?"

"मी मांडलं? ताई, तुम्हीच तिथे लिहिलंत! ते सगळ्यांचं पान आहे!"

"खाली चौकोन होता. 'तुमचं उत्तर' असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, ते तुझ्याकडे जातं. पत्रासारखं."

"पत्रासारखं?" साबणबाईंनी कपाळाला हात लावला. "तासभर घसा कोरडा करून काय सांगत होते मी? सामायिक! सामायिक म्हणजे काय?"

"माझं लक्ष त्या एक्स-रेवाल्या आजोबांकडे होतं गं. कुणीच सांगत नव्हतं त्यांना."

साबणबाईंना हसू येईना आणि ओरडताही येईना. चादरींच्या घड्यांवर त्या धपकन बसल्या. ताई उभ्याच होत्या. त्यांच्या हातात कसली तरी पट्टी होती, ती त्या गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"ताई, तुम्ही? दुसरी कुणी असती तर मला समजलं असतं. तुम्ही मला शिकवलंत. पाण्याने काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी थोडंसं घातलं. म्हटलं, एवढ्याने काय होतंय. उद्या स्टोअर देईल. मग रोजच. रिकामी बाटली दिसली की मुली तशाच पुढे जातात. ओली दिसली की निदान हात तरी चोळतात, असं मनाला समजावत राहिले. ताप यायला लागला तेव्हा सांगायला हवं होतं. तू मंगळवारी आलीस तेव्हा सांगणार होते. पण तू आधीच शहाण्णव टक्क्यांचं कौतुक करायला लागलीस."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"मेट्रन नाव मागतायत," त्या शेवटी म्हणाल्या. "बाराच्या आत. मी सांगणार नाही. पण संगणकवाला सांगू शकतो."

"मग?"

"मला माहीत नाही, ताई. रात्रीपासून डोकं चालत नाहीये माझं."

त्या आपल्या कोठडीत गेल्या, हुकूम असूनही अजून बंद न केलेलं पान उघडलं आणि प्रथमच नाव नोंदवून आत शिरल्या. सगळ्यात वर, प्रश्नाच्याही वर, त्यांनी लिहिलं : 'मी दर मंगळवारी ठरलेल्या वेळी पाहणीला येते. तुम्ही मला जे दाखवता ते मी मोजते. माझा शहाण्णव टक्क्यांचा तक्ता खोटा आहे आणि तो खोटा आहे हे मला कळायला हवं होतं. चूक माझी.' खाली त्यांचं पूर्ण नाव उमटलं. ते वाचून अर्ध्याअधिक नर्सेसना क्षणभर कळेचना की या कोण बाई.

सव्वाअकराला पानावर पुन्हा एकेक अक्षर उमटायला लागलं. या वेळी 'पाहुणा' नव्हता. ताईंनी कुणाकडून तरी नाव नोंदवून घेतलं होतं. 'पाणी मी घातलं. शल्यकक्षाची इन्चार्ज. माझ्या मुलींना ठाऊक नव्हतं, त्यांना कुणी बोल लावू नये.' बस, एवढंच.

त्यानंतर जे झालं ते झटपट झालं आणि सगळं काही चांगलं झालं नाही. ताईंना लेखी ताकीद मिळाली आणि इन्चार्जपद तीन महिन्यांसाठी काढून घेतलं. स्टोअरकीपरला काहीच झालं नाही, कारण त्याने नियम पाळला होता. कोटा मात्र उठला. अधीक्षकांनी पानावरची सत्तावीस 'पाहुण्यां'ची उत्तरं स्वतः बसून वाचली आणि मेट्रनना सांगितलं, हे पान चालू राहील. बंद नळ दुरुस्त करायला त्याच दुपारी प्लंबर आला. तो महिनाभर कुठे होता, हे साबणबाईंनी रागाच्या भरात तीन जणांना विचारलं, आणि तिघांनी तीन वेगळी कारणं दिली.

राहिला प्रश्न पेशंटचा. बडे सर्जन म्हणत होते, ताप हँडरबमुळेच आला असं छातीठोक सांगता येत नाही. साबणबाई म्हणाल्या, नाही आला असंही सांगता येत नाही, आणि नातेवाइकांना कळलंच पाहिजे. दोन दिवस वाद चालला. शेवटी सर्जननी चौघांच्या घरच्यांना बोलावून घेतलं. तिघे पेशंट तोवर बरे होऊन घरी गेले होते. चौथा, एक बसकंडक्टर, अजून अतिदक्षता विभागात होता. त्याची बायको सगळं ऐकून घेऊन शल्यकक्षात आली.

"पाणी घालणाऱ्या बाई कोण?" तिने विचारलं.

साबणबाई पुढे होणार तेवढ्यात ताईच खुर्चीवरून उठल्या. "मी."

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी होती. "तुम्हीच त्यांना रोज सकाळी दाढी करून द्यायचात ना?" ती म्हणाली. "ते सांगायचे मला. ताई फार चांगल्या आहेत म्हणून." मग तिचा आवाज चढला. "आता मी त्यांना काय सांगू?"

ती बाई उत्तरासाठी थांबली नाही.

कंडक्टर एकोणीस दिवसांनी अतिदक्षता विभागातून बाहेर आला, वाळून निम्मा झालेला. त्याला पुन्हा शल्यकक्षात आणायचं ठरलं तेव्हा ताईंनी आपण दुसरीकडे बदली मागतो म्हटलं. नव्या इन्चार्जनी त्यांना जाऊ दिलं नाही. इतकं सफाईने ड्रेसिंग करणारं दुसरं कुणी नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

त्या सकाळी साबणबाई न सांगता शल्यकक्षात आल्या. वार गुरुवार होता. कंडक्टरच्या खाटेभोवती चार तरुण नर्सेस उभ्या होत्या आणि ताई हात चोळत होत्या : तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. पुरे वीस सेकंद. त्यांनी वर पाहिलं.

"आलीस का? बरं झालं. तुझं ते पान उघड. या मुली बघतील, मी तोंडाने सांगते, तू टाइप कर. मी त्या यंत्राला हात लावणार नाही."

"माझी आज तीन कक्षांची पाहणी आहे, ताई. मी काय तुमची कारकून आहे?"

"मग पेशंट थांबेल का तुझ्यासाठी?"

कंडक्टरने मान दुसरीकडे वळवली, ड्रेसिंगसाठी नळी मोकळी करून दिली. ताईंशी तो एक शब्दही बोलला नव्हता. साबणबाईंनी चरफडत स्टूल ओढलं, स्वतःचे हात आधी स्वच्छ केले आणि मग फोन उघडला.